आजीच्या गाठोड्यातला रुपया : खरा, बदललेला की मुलाम्याचा?

आपल्या वस्त्यांमधून सध्या जुन्या नाण्यांचे एक वेड शिरले आहे. कुणाच्या तरी मोबाईलवर चित्र येते आणि अमुक सालाचा रुपया असेल तर पाच लाख, वैष्णोदेवीचे पाच रुपयांचे नाणे असेल तर दहा लाख, अशी आवई उठते. मग चाळीतल्या साऱ्या घरांतले जुने डबे, लुगड्यांच्या गाठी, आजीच्या उशाचे गाठोडे उपसले जाते. यात नवल नाही. ज्याच्या घरी महिनाअखेरीस पगाराचे चार पैसे उरत नाहीत, त्याला गाठोड्यातून लाख रुपये निघण्याची आशा वाटणारच. त्या आशेवरच काही लोकांची दुकाने चालली आहेत. म्हणून आमच्या बंधू-भगिनींसाठी हा विषय जरा सविस्तर मांडावा असे आम्ही ठरविले. आम्ही काही नाणेशास्त्राचे पंडित नव्हे. वाणिज्य शाखेचे पदवीधर, पेशाने कारकून. परंतु पतपेढीच्या कामामुळे असली प्रकरणे आमच्या टेबलावर वारंवार येतात, आणि त्या निमित्ताने जाणकारांकडे बसून, वाचून, स्वतः वजने करून जे शिकलो ते येथे देत आहोत.

पहिली गोष्ट ही की फसवणुकीचे नाणे दोन जातींचे असते, आणि दोन्हींची परीक्षा वेगवेगळी आहे. एक जात मुलाम्याची. आत पितळ, तांबे, जर्मन सिल्व्हर किंवा शिसे, आणि वर चांदीचे वा सोन्याचे पाणी. दुसरी जात बदललेल्या नाण्याची. नाणे खरेच असते, सरकारी टांकसाळीतले असते, चांदीही खरी असते. फक्त त्यावरचा एखादा आकडा किंवा टांकसाळीची खूण कोरून, घासून, डाख लावून बदललेली असते, म्हणजे सामान्य नाणे दुर्मिळ म्हणून विकता यावे. मुलाम्याचे नाणे वजनकाट्यावर सापडते. बदललेले नाणे मात्र काट्यावर सहीसलामत उतरते, ते सापडते भिंगाखाली. हा फरक ज्याला कळला नाही तो एक परीक्षा करून समाधान मानतो आणि दुसरीकडून लुबाडला जातो.

आता आपल्या घरात जे नाणे बहुधा सापडते ते म्हणजे चांदीचा राणीछाप किंवा राजाछाप रुपया, ज्याला जुनी माणसे कलदार म्हणत. त्याचे मोजमाप पक्के लक्षात ठेवावे. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने सर्व मुलखासाठी एकच रुपया ठरविला. वजन १८० ग्रेन, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी, म्हणजे बारा भागांत अकरा भाग चांदी आणि एक भाग भेसळ. रुपयाच्या याच इतिहासावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपला 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ लिहिला व तो १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झाला. रुपयात चांदी किती, तिचा भाव काय आणि त्याचा गरिबाच्या मजुरीशी संबंध काय, हा प्रश्न बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी हाती घेतला होता. आपण निदान आपल्या घरातल्या रुपयात चांदी किती आहे एवढे तरी तपासून पाहावे.

१८० ग्रेन म्हणजे आजच्या मापाने ११.६६ ग्रॅम. हाच जुना तोळा. येथे एक मेख आहे. आज सराफाच्या दुकानात तोळा म्हटला की १० ग्रॅम समजतात. म्हणून भामटा सांगतो, "मावशी, जुना रुपया एक तोळ्याचा असतो, हे बघा काट्यावर बरोबर एक तोळा." काटा दाखवतो १० ग्रॅम, आणि मावशींचे समाधान होते. प्रत्यक्षात रुपया ११.६६ ग्रॅम पाहिजे. रुपयाएवढ्याच आकाराचे आणि जाडीचे पितळी नाणे केले तर ते साडेनऊ-पावणेदहा ग्रॅमच भरते, तांब्याचे केले तर दहाच्या आसपास, कारण हे धातू चांदीपेक्षा हलके आहेत. तेव्हा "एक तोळा" भरलेला रुपया हाच बहुधा मुलाम्याचा असतो! खरा रुपया हाताळून झिजलेला असेल तर ११.५ किंवा ११.४ भरेल, फार झिजला तर थोडा आणखी कमी. पण ठसा ताजा, कंगोरे शाबूत आणि वजन मात्र दहा ग्रॅम, हा मेळ कधीच बसत नाही.

हुशार भामटा वजन बरोबर करण्यासाठी नाणे जाड करतो. त्यावर उपाय पाण्याचा आहे, आणि तो घरबसल्या करता येतो. दोन दशांश स्थळांपर्यंत वजन दाखविणारा छोटा विजेचा काटा आता थोडक्या पैशांत मिळतो. दोन-चार घरांनी मिळून एक घेतला तरी चालेल. आधी नाण्याचे कोरडे वजन लिहून ठेवावे. मग काट्यावर अर्धा पेला पाणी ठेवून आकडा शून्यावर आणावा. नाणे बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पुरते बुडेल, पण पेल्याच्या तळाला वा कडेला टेकणार नाही, असे हातात धरावे. काटा आता जो आकडा दाखवील तो लिहून घ्यावा आणि कोरड्या वजनाला त्याने भागावे. खऱ्या राणीछाप रुपयाला पाण्यातला आकडा सुमारे १.१३ येतो आणि भागाकार दहाच्या थोडा वर, १०.३ च्या आसपास. त्याच वजनाचे पितळी नाणे पाण्यात सुमारे १.३७ दाखविते आणि भागाकार साडेआठवर येतो. शिशाचा गाभा असेल तर आकडा उलट १.०३ च्या जवळ जातो. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने काढून टाकावेत, नाहीतर हिशेब चुकतो. एका सालची व एका जातीची पाच-सहा नाणी एकत्र बांधून केले तर आकडा अधिक नेमका येतो. पण त्या जुडीत एखादेच खोटे असले तर ते लपते, हेही ध्यानात ठेवावे.

पण साल पाहूनच भागाकार पाहावा. १९४० पासून सरकारने रुपयातील चांदी निम्म्यावर आणली. दुसरे महायुद्ध चालू होते आणि चांदी महाग झाली होती. १९४० ते १९४५ या सालांचा खरा रुपयासुद्धा ११.६६ ग्रॅमच भरतो, मात्र पाण्यात तो १.२२ च्या आसपास दाखवितो आणि भागाकार साडेनऊवर येतो. ते नाणे खोटे नव्हे, निम्म्या चांदीचे आहे. मोडीत घालताना कुणी त्याला राणीछापाचा भाव सांगितला तर तोही फसवितो, आणि राणीछापाला याचा भाव दिला तरी फसवितो.

१९४७ चा रुपया तर चांदीचा नाहीच. ज्याच्या मागे वाघ आहे तो १९४७ सालचा रुपया शुद्ध निकेलचा आहे आणि लोहचुंबकाला चिकटतो. जत्रेत, फुटपाथवर "स्वातंत्र्याच्या वर्षाचा चांदीचा रुपया" म्हणून चकचकीत पाणी चढविलेला हाच रुपया विकताना आम्ही पाहिला आहे. लोहचुंबक लावले की चिकटतो, आणि विकणारा म्हणतो, "जुन्या चांदीत शक्ती असते." चांदीला लोहचुंबक कधीच ओढत नाही. चांदीचा म्हणून दाखविलेला रुपया चुंबकाला चिकटला तर पुढे काही तपासायला नको. उलट न चिकटला म्हणून खरा ठरत नाही, कारण पितळ आणि तांबेही चिकटत नाहीत.

आपल्या भाषेत "खणखणीत नाणे" हा शब्द उगाच आलेला नाही. पूर्वी सराफ रुपया दगडावर आपटून वाजवीत. चांदीचा रुपया लांब, घंटेसारखा घुमतो, शिशाचा बद्द आवाज करतो. आजही ही परीक्षा उपयोगी आहे, पण नाणे दगडावर आपटू नये. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने कडेला हलकेच टिचकी मारली तरी पुरे. आणि हेही सांगितले पाहिजे की खऱ्या नाण्याला आतून चीर गेली असेल किंवा पूर्वी हारात ओवण्यासाठी कडी झाळलेली असेल तर तेही बद्द वाजते. आवाजावरून संशय घ्यावा, निकाल देऊ नये.

मुलामा नजरेनेही ओळखता येतो. नाण्याचे सर्वांत उंच भाग म्हणजे राणीचा गाल, केसांची बट, मुकुटाचे टोक. झीज आधी तिथे होते. तिथे पिवळा किंवा तांबूस रंग डोकावत असेल तर आत दुसराच धातू आहे. कडेचे कंगोरे पाहावेत. ओतून केलेल्या नाण्याच्या कडेला साच्याच्या दोन अर्ध्यांची जोडरेषा असते, ती कानशीने घासलेली दिसते. ठशाने पाडलेल्या खऱ्या नाण्याची जमीन गुळगुळीत असते आणि अक्षरे धारदार उठतात. ओतीव नाण्याच्या जमिनीवर बारीक खड्डे व फोड दिसतात आणि अक्षरे साबणासारखी विरघळल्याप्रमाणे वाटतात. सराफाकडे किरणांनी धातू सांगणारे यंत्र असते, त्यावर लोकांचा फार भरवसा. पण ते यंत्र वरच्या थरापुरतेच वाचते. मुलामा जाड असेल तर आतले पितळ त्याला दिसत नाही. त्यापेक्षा पेल्यातले पाणी प्रामाणिक, कारण ते पोटातले सांगते.

हे झाले मुलाम्याचे. आता बदललेले नाणे. त्यासाठी आमच्याकडे आलेले एक प्रकरण सांगतो.

आमच्या वसाहतीतील एक तरुण, सफाई खात्यातल्या वडिलांच्या जागी लागलेला, पतपेढीत चाळीस हजारांच्या कर्जाचा अर्ज घेऊन आला आणि आम्ही जामीन राहावे अशी त्याने गळ घातली. कारण लिहिले होते घरदुरुस्ती. आम्ही खोदून विचारले तेव्हा कळले की त्याला १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा रुपया घ्यायचा आहे, पाच हजार इसार देऊन झाला आहे आणि हे नाणे पुढे दोन लाखांना घेणारा गिऱ्हाईकही विकणाऱ्यानेच सुचविला आहे. घरी धाकट्या बहिणीचे लग्न ठरलेले. त्याची आई दारात उभी राहून आमच्याकडे पाहत होती. काय बोलावे तिला सुचत नव्हते.

१९३९ चा रुपया खरोखरच दुर्मिळ आहे, ही गोष्ट त्या विकणाऱ्याने खोटी सांगितली नव्हती. मुंबईच्या टांकसाळीत तो पाडला गेला, पण संग्राहकांच्या हाती फार थोडे आले. म्हणूनच त्याच्या नकलाही उदंड. आम्ही त्या मुलाबरोबर काटा, पेला आणि दहा पट दाखविणारे भिंग घेऊन गेलो. विकणाऱ्याने हसत हसत नाणे पुढे केले. वजन ११.६ ग्रॅम. पाण्यात १.१२. आवाज खणखणीत. चुंबकाला नाही चिकटले. कडेचे कंगोरेही साधे, जसे १९३९ ला पाहिजेत तसे. (१९४० पासून रुपयाच्या कंगोऱ्यांमधून एक खोबणी जाते, नक्कल ओळखता यावी म्हणून. १९३९ साल आणि कडेला खोबणी असे नाणे कुणी दाखविले तर भिंगसुद्धा काढू नये, उठून यावे.) मुलाचा चेहरा उजळला. "दादा, मी म्हणत नव्हतो?"

मग आम्ही भिंग सालावर धरले. १, ९ आणि ३ हे तीन आकडे एका हाताचे. शेवटचा ९ मात्र वेगळ्या बांध्याचा. त्याच्या खालच्या बाजूला डावीकडे जमीन किंचित खोलगट, आणि त्या खोलगट जागेत एकाच दिशेने गेलेले बारीक ओरखडे. बाकीच्या जमिनीवर अशी एक रेघ नाही. ९ ची शेपटी आत वळून जिथे संपते तिथे ती आपणहून निमुळती होत नव्हती, कापल्यासारखी थांबत होती. सरळ अर्थ असा की तो १९३८ चा रुपया होता. ८ च्या खालच्या पोटाची डावी बाजू कोरून काढली की ९ तयार होतो. चांदी खरी, टांकसाळ खरी, राजा खरा, फक्त एक आकडा खोटा. १९३८ चा रुपयाही चांगला आहे, पण त्यासाठी कुणी कर्ज काढत नाही.

इसाराचे पाच हजार परत आले नाहीत. ना पावती होती, ना साक्षीदार. कर्जाचा अर्ज मात्र त्याने त्याच संध्याकाळी मागे घेतला. नंतर त्याच्या आईने स्वतःचे गाठोडे आमच्यापुढे सोडले. सासूकडून आलेले चौदा रुपये होते. एका फिरत्या खरेदीदाराने "यात नऊ खोटे आहेत, तरी सगळ्यांचे मिळून तीन हजार देतो" असे तिला सांगितले होते. काट्यावर घातले तर तेरा अस्सल निघाले. एकच मुलाम्याचा होता, तोही सासूच्या काळचा असावा, कारण मुलामा झिजून राणीच्या नाकावर तांबे दिसत होते. म्हणजे मुलगा खोट्याला खरे समजून घ्यायला निघाला होता आणि आईकडून खऱ्याला खोटे म्हणवून घेऊन जाणारा दुसराच दारात उभा होता. दोन्हीकडे एकच गोष्ट कमी पडत होती, काट्यावर घालून पाहण्याची.

आकडा बदलण्याचे आणखी एक उदाहरण १९११ चे. पाचव्या जॉर्जच्या पहिल्या रुपयावर राजाच्या झग्यावरील साखळीत एक चिमुकला हत्ती आहे. त्याची सोंड आखूड व पाय जाड असल्याने तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, लोक नाणे घेईनात, आणि सरकारला ती नाणी परत घेऊन वितळवावी लागली. १९१२ पासून हत्तीची सोंड स्पष्ट करण्यात आली. यामुळे १९११ च्या रुपयाला संग्राहकांत मागणी आहे आणि १९१२ च्या शेवटच्या २ चा १ करण्याचा मोह होतो. पण आकडा बदलणारा हत्ती बदलू शकत नाही. साल १९११ आणि हत्तीची सोंड मात्र लांब, स्पष्ट दिसत असेल तर सालाला हात लागला आहे असे समजावे. आकडा नेहमी चित्राशी ताडून पाहावा, हे यातले गमक.

जुने म्हणजे दुर्मिळ, हाही एक गैरसमज. १८६२ सालचा राणीछाप रुपया घरोघर सापडतो आणि लोकांना वाटते घबाड मिळाले. वास्तविक १८६२ हेच साल पुढे १८७४ पर्यंतच्या नाण्यांवर तसेच ठेवले होते. बारा-तेरा वर्षांचे उत्पादन एका सालाच्या नावावर आहे! त्यात बारीक ठिपक्यांच्या खुणांवरून जाणकार फरक करतात, पण सरसकट १८६२ ला दुर्मिळ म्हणणारा एकतर अडाणी असतो किंवा लबाड.

स्वतंत्र भारताच्या नाण्यांत टांकसाळीच्या खुणेशी खेळ होतो. सालाखाली चौकट ऊर्फ हिऱ्याची खूण मुंबईची, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. एखाद्या सालचे कोलकात्याचे नाणे कमी असेल तर मुंबईच्या नाण्यावरील हिरा घासून टाकतात. घासलेली जागा उजेडात तिरपी धरली की सपाट चकाकी देते. "दोन्हीकडे छापा" असलेले नाणेही असेच बनविलेले असते. एक नाणे आतून कोरून त्यात दुसऱ्याची चकती बसवितात. कडेच्या आतल्या अंगाला गोल फिरणारी केसाएवढी फट दिसते आणि वाजविल्यावर आवाज मरतो. दहा रुपयांच्या दुधातू नाण्याचा मधला भाग काढून उलटा बसविण्याचा उद्योगही चालतो.

आता जे आपल्या जिव्हाळ्याचे आहे त्याविषयी. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९९० साली भारत सरकारने एक रुपयाचे नाणे काढले. आपल्यापैकी अनेकांनी ते घरात बाबासाहेबांच्या प्रतिमेपाशी जपून ठेवले आहे. ते तांबे आणि निकेल यांच्या मिश्रणाचे आहे, वजन ६ ग्रॅम, व्यास २६ मिलिमीटर, आणि चलनासाठीच पाडलेले. त्यावर सोन्याचे वा चांदीचे पाणी चढवून मोठ्या गर्दीच्या दिवशी "सरकारने काढलेले सोन्याचे नाणे" म्हणून विकणारे दिसतात. सोने तांबे-निकेलच्या दुपटीहून जड असते. त्याच आकाराचे नाणे खरेच सोन्याचे असते तर १३ ग्रॅमच्या आसपास भरले असते. काट्यावर ६ भरले की संपले. आणि मुलामा चढविल्याने मूळचे नाणे खराबच होते, संग्राहक ते घेत नाही. १२५ व्या जयंतीनिमित्त ६ डिसेंबर २०१५ रोजी १२५ रुपयांचे आणि १० रुपयांचे अशी दोन नाणी प्रकाशित झाली. त्यातले १२५ चे चलनात येण्यासाठी नाही, टांकसाळ ते संग्रहासाठी विकते. दहाचे नाणे मात्र चलनातले आहे. मध्यंतरी काही दुकानदार दहाची नाणी "बनावट" म्हणून नाकारू लागले तेव्हा रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये दहाच्या नाण्याचे तोवर निघालेले सर्व १४ नमुने खरे व वैध असल्याचे जाहीर केले. बाबासाहेबांचे नाणे त्यातलेच. तेव्हा कुणी ते नाकारले तर आपले माणूस खजील होऊन परत येऊ नये, दुकानदाराला हे सांगावे.

बुद्धप्रतिमेच्या नाण्यांचा बाजार तर आणखी मोठा. कनिष्काच्या काही नाण्यांवर तथागतांची उभी प्रतिमा आहे आणि ग्रीक लिपीत 'बोद्दो' अशी अक्षरे आहेत. यातले सोन्याचे नाणे जगात अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके ज्ञात आहेत. एक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ते वर्षावासाच्या यात्रेत हातगाडीवर पाचशे रुपयांत मिळणार नाही, एवढे समजण्यास भिंगाची गरज नाही. प्रतिकृती म्हणून आवडीने घ्यायला हरकत नाही, श्रद्धेच्या भरात "अडीच हजार वर्षांपूर्वीचे" म्हणून घेऊ नये. कनिष्क बुद्धांनंतर कित्येक शतकांनी झाला.

येथे थोडे विषयांतर करतो, पण ते महाराष्ट्राचे आहे. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३ हजारांहून अधिक नाण्यांचा. सारी नहपान या क्षत्रप राजाची. त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. म्हणजे हीसुद्धा बदललेलीच नाणी! नहपानाला जिंकल्यावर त्याच्याच नाण्यावर आपली मुद्रा. जुना चेहरा नव्या ठशाखालून अजून दिसतो. याच नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यांत भिक्खुसंघासाठी दान दिले आणि त्याचा हिशेब भिंतीवर कोरून ठेवला. दोन हजार कार्षापण एका विणकर श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने. कारकुनी करणाऱ्या माणसाला ती नोंद पाहून आनंद होतो. मुद्दल कुठे ठेवले, व्याज किती, खर्च कशावर, सगळे लिहिलेले. जोगळटेंभीची नाणी प्रसिद्ध झाल्यामुळे तशी ओतीव नाणीही निघाली आहेत. नक्कल ओळखण्याची खूण येथेही तीच. ठशावर ठसा मारला की खालचे चित्र चेपते, ओतीव नाण्यात दोन्ही चित्रे एका पातळीवर मऊ उतरतात.

ज्याला नाणेच म्हणता येणार नाही असा एक प्रकार राहिला. 'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८, हाफ आना' अशी अक्षरे आणि मागे राम-सीता-हनुमान किंवा कमळ, ॐ. असले नाणे कंपनीने कधी काढलेले नाही. मद्रासकडे कंपनीच्या जुन्या पगोड्यांवर देवाच्या आकृती असत हे खरे, परंतु ते बारीक सोन्याचे नाणे निराळे. ही राम दरबाराची तांब्या-पितळेची चकती अलीकडच्या काळात बनविलेली आहे. तिलाच जोडून 'राइस पुलर'ची भानगड येते. तांदूळ ओढणारे नाणे, त्यात म्हणे इरिडियम आहे, परदेशी कंपनी कोटी रुपये देते, फक्त तपासणीसाठी पन्नास हजार भरा. तांदळाला आत लोखंडाचा कीस चिकटविलेला असतो आणि नाण्यात चुंबक. एवढाच तो चमत्कार. यात शिकलेली माणसे, निवृत्तीची रक्कम हाती आलेले कामगार फसले आहेत आणि पोलिसांत गुन्हे नोंदले गेले आहेत. दैवी शक्तीची भाषा सुरू झाली की आपल्या माणसाने तिथेच ओळखायला पाहिजे होते, पण इरिडियम हा शब्द विज्ञानाचा वाटतो ना!

मोबाईलवरच्या जाहिरातींचा डावही असाच. नाण्याचे चित्र पाठवा, किंमत लाखात, मग नोंदणी शुल्क, मग कर, मग रिझर्व्ह बँकेचे प्रमाणपत्र. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट पत्रक काढले की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक नाही, ती यासाठी कसलेही शुल्क वा कमिशन घेत नाही आणि तसा अधिकार तिने कुणाला दिलेला नाही. विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही. वैष्णोदेवीची ५ व १० रुपयांची नाणी २०१२ सालची, चलनातली. त्यांचे लाख रुपये कुणी देत नाही.

माता-भगिनींना एक विनंती. जुने रुपये चिंच, राख, रांगोळी लावून घासू नका. सराफाकडे तेजाबात बुडवून उजळून आणू नका. चांदीवर काळसर, निळसर छटा येते ती घाण नव्हे, तिच्यामुळे नाणे जुने व अस्पर्श असल्याची खात्री पटते. घासलेल्या नाण्याची संग्राहकाच्या दृष्टीने किंमत उतरते, मग उरतो फक्त चांदीचा भाव. हारातून काढलेल्या रुपयाची कडी कापून डाखाची जागा घासणे हेही तसेच. त्यापेक्षा कडीसकट राहू द्या. नाणी वेगवेगळ्या कागदी पुड्यांत ठेवावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट राहून ती खराब होतात.

पाया खणताना, विहीर उपसताना आपल्याच माणसांच्या कुदळीला हंडा लागतो. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. लपविले तर शिक्षा, कळविले तर सापडविणाऱ्याचा व जागामालकाचा हक्क कायद्यात सांगितलेला आहे. मुकादमाच्या हवाली करून गप्प बसणे यात मजुराचे दोन्हीकडून नुकसान होते. शंभर वर्षांहून जुने नाणे परदेशी पाठविण्यास १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, तेव्हा आखातात असलेल्या भावाबरोबर विकायला देऊ नये.

खरे नाणे नजरेत बसावे म्हणून एकदा मुलांना घेऊन मुंबईला फोर्टमधील रिझर्व्ह बँकेचे २००४ साली उघडलेले नाणे संग्रहालय पाहावे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात दिनेश मोदी यांच्या नावाची संस्था आहे. आणि विकायचेच झाले तर एकाच दुकानी जाऊ नये, तीन ठिकाणी विचारावे. नाणे हातातून सोडण्याआधी त्याचे दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढावेत, वजन स्वतः करून वहीत लिहावे. दुकानदार नाणे आत नेऊन तपासतो म्हणाला तर आपणही आत जावे, कारण आत गेलेले नाणे आणि बाहेर आलेले नाणे एकच असेल याची हमी नसते. विकत घेताना पावतीवर साल, टांकसाळ, वजन आणि "अस्सल नसल्यास रक्कम परत" हे शब्द लिहून घ्यावेत. जो हे लिहायला तयार नसेल त्याला इसार देऊ नये.